‘पडीक’ लिहिण्याआधी एकदा माळावर या
सोलापूर जिल्ह्यातल्या सरपंचांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना खुले पत्र

सरपंच बंधू-भगिनींनो, उपसरपंच आणि सदस्यांनो,

सप्रेम नमस्कार.

खरं तर हे पत्र एखाद्या मोठ्या साहेबाच्या टेबलावर जायला हवं. तशी तीन पत्रं मी पाठवलीही. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. मग डोक्यात प्रकाश पडला की पत्ताच चुकतोय. माळाचं जे काही व्हायचं असतं, त्याची पहिली सही मोठ्या टेबलावर होतच नाही. ती आपल्या ग्रामपंचायतीच्या इतिवृत्ताच्या वहीत होते, निळ्या शाईनं, खाली गोल शिक्का मारून. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं.

मी उत्तर सोलापूर तालुक्यातला. नान्नजपासून सायकलनं अर्ध्या-पाऊण तासावर आमचं गाव. चार एकर रान, त्यातलं दीड एकर विहिरीखाली. घर मेंढपाळाचं. आजोबांची दीडशे मेंढरं होती, आप्पांची साठ, माझ्या दावणीला सात शेळ्या आहेत. हा उतरता हिशेब कसा झाला ते पुढं येईलच. आणि हो, एक पंचवार्षिक मीही ग्रामपंचायत सदस्य होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या ठरावाबद्दल मी गाऱ्हाणं मांडणार आहे, त्यावर माझाही हात वर झालेला आहे.

2018 ची 15 ऑगस्टची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला, आणि माणसं पांगली. गणपूर्ती नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे तुमच्या-माझ्यापेक्षा ठेकेदाराला जास्त पाठ असतं. आठवड्यानं सभा झाली तेव्हा आम्ही मोजून अकरा जण होतो. ग्रामसेवकांनी विषय वाचला: ‘गावच्या गायरानातील सदर क्षेत्र पडीक, खडकाळ व निरुपयोगी असून, रस्त्याच्या कामासाठी मुरूम उचलण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. तोवर चहा आला. मी हात वर केला तेव्हा माझ्या मनात रस्ता होता, कारण पावसाळ्यात आमच्या वस्तीवरून बाळंतीण दवाखान्यात न्यायची म्हणजे बैलगाडी काढावी लागायची. रस्ता झाला, हेही कबूल करतो. पण तो आमच्या वस्तीचा नव्हता. मुरूम गेला हायवेला.

त्या ‘निरुपयोगी’ माळावर आप्पांनी चाळीस वर्षं मेंढरं चारली होती.

माळ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायची खरं तर गरज नाही. पण ठरावात ते कधीच येत नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडे वर्षाकाठी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. मुरमावर चार बोटं माती. तिथं दाट झाडी येत नाही, यायचीही नाही. तिथं गवत येतं. पवन्या, मारवेल, कुसळी. मधूनच तरवड, एखादी बोर, एखादा हिवर. मृगाच्या दोन सरी पडल्या की आठवड्यात माळ पोपटी होतो, दिवाळीनंतर सोनेरी, आणि चैत्रात असा उघडा पडतो की परगावचा माणूस म्हणतो, इथं काहीच नाही. याच उघड्या जमिनीवर माळटिटवी चार अंडी घालते. घरटं नाही, काडी नाही, नुसती मुरमात चार बोटं खोलगट जागा. अंडी इतकी खड्यांसारखी की दोन पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. मला आयुष्यात तीनदाच सापडली, तीही पक्षी ओरडून अंगावर आला म्हणून.

त्यातलं तिसरं घरटं पोकलेनच्या वाटेत होतं. मशीनवर यवतमाळकडचा एक पोरगा होता, विशीतला. त्यानं टिटवीचा आकांत बघितला, खाली उतरला, अंड्यांभोवती चार मोठे दगड ठेवले आणि दिवसभर त्या तुकड्याला वळसा घालून खोदत राहिला. मी त्याला भाकरी आणि शेंगाचटणी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर आला. दगडही गेले, जागाही गेली. पोरगा माझ्याकडे बघेना. सरपंचहो, त्या पोराला जे कळलं ते आम्हा अकरा जणांना चहा पिताना कळलं नव्हतं.

माझं पहिलं गाऱ्हाणं म्हणूनच त्या एका शब्दावर आहे. पडीक. महसुली भाषेत जे पिकत नाही ते पडीक. मग त्यावर गावाची मेंढरं जगोत, विहिरीचं पाणी जिरो, काळवीट पळो, तो पडीकच. मुरूम म्हणजे तरी काय, कुजलेला काळा पाषाण. आपल्या दख्खनच्या कातळात पावसाचं पाणी धरून ठेवणारा थर तोच. आमच्या गावानं माळावरचा तो थर पंधरा-वीस फूट काढून विकला, आणि खालच्या अंगाची माझी विहीर, जी होळीपर्यंत चालायची, ती आता संक्रांतीलाच तळ दाखवते. बोअर मारली, तीनशे फुटांवर धूळ आली. ठरावात लिहिलं होतं, निरुपयोगी.

आता माळढोकाबद्दल. हे नाव काढलं की तुमच्यातल्या निम्म्यांच्या कपाळाला आठ्या पडणार, मला माहीत आहे. माझ्या आप्पांच्याही पडायच्या. 1979 साली माळढोक अभयारण्य झालं ते 8,496 चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि नगर या दोन जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात गेले. गावं, शेतं, बाजारपेठा, सगळं कागदावर अभयारण्य. जमीन विकायची तर अडचण, घर बांधायचं तर अडचण, कारखाना आणायचा तर अडचण. लोकांनी राग कोणावर काढला? बिचाऱ्या पक्ष्यावर. ‘माणसं महत्त्वाची का पाखरं?’ हे भाषण आपल्या तालुक्यात किती निवडणुका चाललं! पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. माणसांच्या दृष्टीनं ते बरंच झालं, असं माझं आजही मत आहे. ज्या जमिनीवर पक्षी कधी उतरणारच नाही तीही अडकवून ठेवण्यात शहाणपण नव्हतं. पण अडचण सुटली म्हटल्यावर उरलेल्या माळाची तरी आपण काळजी घेतली का? उलट, आता मोकळं रान मिळालं असंच सगळे वागले.

आमची आजी माळढोकाला ‘हूम’ म्हणायची, नर तसा घुमायचा म्हणून. तिनं ते ऐकलं होतं. मी लहानपणी मार्डीच्या वाटेवर एकदा लांबून सात-आठ मोजले होते. गुडघाभर गवतात माना वर करून उभे, जणू पंचायतीची सभाच. माझ्या मुलानं एकही बघितलेला नाही. आता नान्नजला एखादी मादी दिसली तरी पेपरात फोटोसकट बातमी येते. जगात हा पक्षी दीडशेच्या आत उरलाय, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक कुत्रं, एक ट्रॅक्टर, एक मेंढरू, आणि त्या वर्षाचा हिशेब संपला. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींसारख्या पक्षिनिरीक्षकांनी हे वैभव जगाच्या नजरेस आणलं. ते आपण आपल्या हयातीत संपवत आणलं.

संपवायला फक्त शिकारी आले नाहीत, चांगले हेतूही आले. 2019 च्या पावसाळ्यात राज्यात 33 कोटी झाडं लावायची मोहीम होती. आमच्या माळावरही खड्डे घेतले. शाळेची पोरं, आम्ही सदस्य, फोटो, फेटे. गवतावर खड्डे पाडून आम्ही गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली. माळढोकाला, धाविकाला, पाखुर्डीला लांबवर मोकळं दिसलं तरच सुरक्षित वाटतं. त्यांच्या घराला आम्ही भिंती घालत होतो. निम्मी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली हे माळाचं नशीब. गवताळ जमिनीला झाडांची नाही, गवताचीच गरज असते, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. आता मी तुम्हाला सांगतोय.

दुसरं गाऱ्हाणं शिकारीचं. त्यासाठीच खरं तर पेन हातात घेतलं.

मागच्या महिन्यात पहाटे शेळ्या घेऊन खाणीच्या कडेनं चाललो होतो. पुढची शेळी थबकली. तुरीच्या काठ्यांच्या बाजूला एक हरणाची मादी पडलेली. मागच्या पायात मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास, वायरीचं दुसरं टोक बाभळीच्या खुंटाला. तिनं सुटायला रात्रभर धडपड केली असणार. खुंटाभोवती मुरमात खुरांनी अर्धं वर्तुळ कोरलेलं होतं, कंपासनं काढावं तसं. वायर हाडापर्यंत गेली होती. डोळे उघडे, त्यांवर मुंग्या. मी वायर पक्कडीनं तोडली, कशासाठी तोडली ते मलाही सांगता येणार नाही. मग बाजूला बघितलं तर आणखी चार फास, एका ओळीत, हरणं खाणीतल्या पाण्यावर उतरतात त्या वाटेवर. मांडणाऱ्याला वाट माहीत होती. म्हणजे मांडणारा लांबचा नव्हता.

गावात विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. ‘असू द्या की, तुमाला काय करायचंय? उद्या तुमच्या कडब्याच्या गंजीला काडी लागली म्हणजे?’ असं मला एका जबाबदार माणसानं सांगितलं. दोन कार्यालयांत फोन केला. एक म्हणालं हद्द आमची नाही, दुसरं म्हणालं साहेब दौऱ्यावर आहेत. शेवटी 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन लावला, तेव्हा संध्याकाळी वनरक्षक आला. एकटा, स्वतःच्या मोटारसायकलवर, चार गावांच्या पल्याडहून. त्यानं पंचनामा नीट केला. त्या पोराबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आपली आहे, की पंच म्हणून सही करायला गावातलं दुसरं कोणी पुढं आलं नाही.

फास हा गरिबाचा धंदा म्हणावा, तर रात्रीचे पाहुणे त्याहून वाईट. शनिवारी-रविवारी शहराकडून चारचाकी येते. टपावर मोठा दिवा. प्रकाशझोतात ससा गोठून उभा राहतो, हरणाचे डोळे चमकतात. बंदूक असते, नाहीतर सोबत उंच शिकारी कुत्री. मग कोणाच्या तरी वस्तीवर चूल पेटते. कोणाच्या, ते तुम्हालाही ठाऊक असतं, कारण कधीकधी तुम्हालाही बोलावणं असतं. रागावू नका. मी सदस्य असताना मलाही होतं. गेलो नाही, पण तक्रारही केली नाही, म्हणजे फार फरक नाही.

आणि प्रकरण अंगाशी आलं की बोट कोणाकडे जातं? पारध्यांच्या पालाकडे. ज्या सोलापुरात इंग्रजांनी तारेच्या कुंपणात माणसं कोंडून ‘सेटलमेंट’ चालवली, त्या सोलापुरानं तरी हे करू नये. 31 ऑगस्ट 1952 ला ‘गुन्हेगार जमाती’ हा शिक्का कायद्यातून पुसला गेला, आपल्या जिभेवरून अजून पुसलेला नाही. पोटासाठी तित्तर धरणारा आणि मजेसाठी काळवीट पाडणारा, या दोघांत पहिला सापडतो आणि दुसरा सत्काराला व्यासपीठावर बसतो. मी एकाचंही समर्थन करत नाही. दुसऱ्याचं नाव घ्यायची हिंमत दाखवा, एवढंच म्हणतो.

कायदा माहीत नाही म्हणाल, तर दोन ओळींत सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा आहे. त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, पाठलाग करून पिटाळणं, अंडी-घरटी विस्कटणं, हे सगळं शिकारच. माळढोक, काळवीट, चिंकारा, लांडगा हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, आणि दंड किमान 25 हजार. हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला एक डबा रंग लागतो.

लांडग्याबद्दल एक वेगळं सांगायचंय. देशात लांडगे अंदाजे तीन हजारांच्या आसपास उरलेत, म्हणजे एखाद्या मध्यम गावाच्या लोकसंख्येएवढे. आपल्या माळावर ते आहेत, आणि तरी आपण हिवाळ्यात त्यांच्या बिळात धूर करून पिलं मारतो. माझ्या आजोबांची मेंढरं लांडग्यानं नेली नाहीत असं नाही. वर्षाला तीन-चार कोकरं जायची. आजोबा शिव्या घालायचे, काठी घेऊन धावायचे, रात्रभर कुत्र्यांबरोबर जागायचे. पण बीळ कुठं आहे हे माहीत असूनही तिकडे गेले नाहीत. ‘त्याचा वाटा त्याला,’ म्हणायचे. आजोबांचा कळप लांडग्यानं संपवला नाही. तो संपला चराई संपल्यावर. दीडशेचे साठ आणि साठाचे सात असे झाले.

शेतकऱ्याचं नुकसान होतं, हेही तेवढंच खरं. गेल्या वर्षी हरणांनी माझा अर्धा एकर हरभरा एका रात्रीत शेंड्यांसकट खुडला. बायको म्हणाली, ‘घाला अजून त्यांच्या बाजूनं पत्रं.’ भरपाईचा अर्ज, सातबारा, फोटो, पंचनामा या सगळ्यात माझे चार दिवस मोडले, रोजगार बुडला तो वेगळाच. शहरातले प्राणिप्रेमी हे चार दिवस मोजत नाहीत म्हणून माझा त्यांच्यावरही राग आहे. पण यावर उपाय पंचनामा लवकर होणं हा आहे. कुंपणात थेट लाइनची वीज सोडणं हा नव्हे. त्यानं हरीण मरतं, आणि पुढच्या आठवड्यात शेजाऱ्याचं पोरगं.

तिसरं गाऱ्हाणं, जे आत्ता ऐरणीवर आहे. येत्या 1 मेच्या आमच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर उरलेलं गायरान सौर प्रकल्पाला देण्याचा विषय आहे. असा विषय तुमच्याही वहीत आला असेल किंवा येईल. माझा सौरविजेला विरोध नाही, हे आधी नीट वाचा. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला मीही जातो. साप पायाखाली येता येता मीही वाचलोय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज मिळणार असेल तर पहिला हार मी घालीन. ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षं मिळतात, त्याचा मोहही मला समजतो. गटारं आमच्याही गावात तुंबलेली आहेत.

पण त्याच योजनेत खासगी जमिनीलाही हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे. आपल्या प्रत्येक गावात अशी माणसं आहेत की ज्यांची मुलं पुण्याला गेली आणि रानात वेडी बाभूळ माजली. त्यांना विचारलं का? मुरूम काढून जी भोकं पाडून ठेवलीत त्यांच्या कडेला, सपाट झालेल्या तळाला सौर पट्ट्या बसतात का, बघितलं का? साखर कारखान्यांची गोदामं, बाजार समित्यांची पत्र्याची छपरं, उजनीच्या कालव्याच्या कडा? नाही. कारण गायरानाला मालक दिसत नाही, तो सगळ्यांत सोपा. कुंपण एकदा पडलं की मेंढरं बाहेर आणि काळवीट रस्त्यावर. वर तारा येतात त्या वेगळ्याच. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंगानं जड, आयत्या वेळी वळता येत नाही. तारांना धडकून तो मरतो. राजस्थान-गुजरातमधल्या याच दुखण्यावर 2019 ला सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, 2021 ला आदेशही निघाला. आपल्याकडे उरलेल्या एक-दोन पाखरांसाठी नवी तार ओढण्याआधी कोणी नकाशा तरी उघडावा.

गायरानाची मालकी शासनाची, निगा ग्रामपंचायतीची. 28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं गावकीच्या जमिनी गावकीलाच राहिल्या पाहिजेत, त्यांवरची अतिक्रमणं काढा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. त्याचा वापर मात्र गायरानात झोपडी टाकून बसलेल्या भूमिहीनाला नोटीस द्यायला जास्त होतो. चाळीस एकरांचा करार करून येणाऱ्याला नोटीस नाही, चहा मिळतो.

प्लॉटिंगबद्दल फार लिहीत नाही. ‘हायवे टच, एनए, विमानतळापासून अमुक मिनिटं’ असे फलक माळावर लागलेत, त्या प्लॉटांत दगडाच्या खुणांशिवाय काही नाही आणि दहा वर्षं असणारही नाही. विमानतळावरून आठवलं. सोलापुरानं विमानांच्या वाटेत येणाऱ्या एका साखर कारखान्याच्या चिमणीवर जेवढी भाषणं, मोर्चे आणि कोर्टकचेऱ्या केल्या, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानं खऱ्या चिमणीवर केल्या असत्या, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आणि जाता जाता एक गंमत. कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असते, आणि गावची लोकजैवविविधता नोंदवही. तुमच्याकडेही कपाटात आहे, बघा. आमची मी मागून घेतली. छान छापलेली, रंगीत मुखपृष्ठ. तिच्यात आमच्या गावात शेकरू आढळतो असं लिहिलंय. शेकरू! सह्याद्रीच्या उंच झाडांवरची ती खार, आणि आमच्या गावातलं सर्वांत उंच झाड म्हणजे मोबाइलचा टॉवर. माळटिटवी नाही, धाविक नाही, खोकड नाही, लांडगा नाही. दुसऱ्या कुठल्या तरी गावची वही नाव बदलून आमच्याकडे आली होती. समितीच्या सदस्यांत माझंही नाव निघालं. मला ते त्या दिवशी कळलं.

जंगलांवर लिहिणारे वनाधिकारी मारुती चितमपल्ली आपल्या सोलापूरचे. 1932 ला इथं जन्मले, आयुष्य विदर्भाच्या जंगलांत काढून अखेरीस इथंच परतले, आणि 18 जून 2025 ला इथंच गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. श्रद्धांजलीचे फलक गावोगाव लागले, आमच्याही चौकात लागला. फलकाच्या खालच्या ओळीत ज्यांचे हात जोडलेले फोटो होते, त्यांतल्या एकाची गाडी त्याच महिन्यात माळावर दिवा लावून फिरत होती. नाव लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळलंय.

आता मागण्या. साध्या आहेत, आणि यातल्या बहुतेकांना मुंबईची परवानगी लागत नाही.

गायरान, वनजमिनीला लागून असलेला माळ किंवा ओढ्याकाठची जमीन मुरूम, सौर प्रकल्प वा इतर कशालाही देण्याचा विषय तहकूब ग्रामसभेत घेऊ नका. पूर्ण गणपूर्ती, आठ दिवस आधी दवंडी, आणि मेंढपाळांच्या वस्तीवर जाऊन निरोप. सभेच्या आदल्या दिवशी सदस्यांनी त्या गटात पायी फिरून यावं आणि काय दिसलं ते इतिवृत्तात लिहावं. ‘पडीक’ हा शब्द लिहायचाच असेल तर त्याखाली लिहिणाऱ्याची सही हवी.

ज्या खाणी झाल्या त्यांच्या कडा उतरत्या करून घ्या. ठेकेदाराची अनामत तोवर सोडू नये असं लेखी कळवा. आमच्या खाणीत गेल्या पावसाळ्यात दोन शेळ्या बुडाल्या, एक माझी.

रात्री दिवा लावून फिरणाऱ्या गाडीचा नंबर लिहून ठेवायची वही पोलीस पाटलांकडे असावी, आणि 1926 हा नंबर ग्रामपंचायत, शाळा, दूध डेअरी आणि पारावर रंगवावा. फोन करणाऱ्याचं नाव गावात फुटणार नाही याची हमी सरपंचानं जाहीर सभेत द्यावी. गंजीला काडी लागायची भीती खरी आहे; ती घालवणं हे तुमचंच काम आहे.

हरणानं पीक खाल्लं तर ग्रामपंचायतीच्या संगणकावरून त्याच दिवशी अर्ज जावा. एक पोरगा त्यासाठी शिकवून तयार ठेवा. भरपाई वेळेत मिळाली तर निम्मे फास आपोआप निघतील.

नोंदवही नव्यानं लिहा. ठेकेदाराला देऊ नका. शाळेच्या पोरांना आणि मेंढक्यांना बसवा, महिन्यात होईल. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर वनविभागाची प्राणीगणना असते, तिथं गावचे दोन जण पाठवा.

आणि जमलं तर एकदा शेजारच्या इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला जाऊन या. तिथं चिंकारा राखला, माळ राखला, आणि आता लोक पैसे भरून गवताळ प्रदेशाची सफारी करायला येतात. तेही आपल्यासारखंच कोरडवाहू गाव. 2024 च्या अखेरीला यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत चालत येडशी-बार्शीपर्यंत आला, तेव्हा आपण सगळ्यांनी मोबाइलवर त्याचे खरे-खोटे व्हिडिओ फिरवले. बघायची हौस आपल्यालाही आहे. ती तिकिटाला पैसे देण्याइतकी आहे, हे कडबनवाडीनं ओळखलं.

1 मेला झेंडावंदनानंतर मी घरी जाणार नाही. आमच्या ग्रामसभेत 2018 चा ठराव पुन्हा वाचायला लावणार आहे आणि त्यावरची माझी संमती मागे घेतल्याची नोंद मागणार आहे. इतक्या वर्षांनी तशी नोंद घेता येते का, हे ग्रामसेवकांना माहीत नाही. ते विचारून सांगतो म्हणालेत. गणपूर्तीला शंभर माणसं लागतील. सध्या माझ्या यादीत एकसष्ट नावं आहेत, त्यांत अठरा मेंढपाळ आणि एक पोकलेनवाला.

आपला,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य
ता. उत्तर सोलापूर, जि. सोलापूर

सोबत: ठरावाची प्रत, खाणीच्या कडेला मिळालेल्या पाच फासांचा फोटो (मूळ वायरी वनरक्षकाकडे जमा).